पाचवीचा पाटा

औंढ्यात कुणाच्याही घरी बाळाची पाचवी असली की पाटा पुजायला कमळाबाई लागायचीच. सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाट्याशी कोरा कागद आणि पेन ठेवायला ती कधी विसरली नाही. गावभर पाचव्या पुजल्या, पण स्वतःच्या घरात काही पाटा मांडला गेला नाही. सून बबिता तीनदा बाळंत झाली आणि तिन्ही वेळा पोर मेलेलंच जन्मलं.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई बबिताचं रक्त घेऊन गेल्या. त्यातल्या पेशींपासून काचेच्या बशीत गर्भासारखा गोळा वाढवायचा आणि पोरं का दगावतात ते बघायचं, असं त्यांचं काम. "पाच दिवसांचा झालाय," असं त्या फोनवर म्हणाल्या आणि कमळाबाईनं चुलीपुढं पाटा मांडला. बबिता रडली, पण हळदीची वाटी तिनंच आणून दिली.

पुढच्या महिन्यात बाई घरी आल्या. "आजी, ते मूल नव्हतं, नुसता नमुना होता. तो पोटात ठेवायला बंदी आहे, आणि ठेवला तरी त्याचं बाळ होत नाही. नियमाप्रमाणं नष्ट केला."

"पोरं का जात्यात, ते कळलं?"

"नाही कळलं."

"मी पाचवी पुजली त्याची."

बाई समजूत घालायला हसल्या. "अहो, त्याला कपाळच नव्हतं. सटवी लिहिणार कुठं?"

"हसू नगा बाई," कमळाबाई कडाडली. "माज्या तिन्ही नातवंडांना चांगली कपाळं हुती. मंग तितं का न्हाई लिवलं तिनं?"