लंडनला धरलेली खिडकीची जागा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा ओता, सांगतो. एका खाकी पिशवीपायी मी लंडनमधली अख्खी बाग रिकामी केली होती. आणि मी शाळेत शिकवायचो काय? नागरिकशास्त्र!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझा मेहुणा बाळू तिकडे डॉक्टर. त्याने आम्हा चौघांना तिकिटं धाडली आणि मुलांना काय काय दाखवायचं याची यादीही दिली. बदकांना पाव घालून झाला, दुमजली बसमध्ये वर बसून झालं. पण सात वर्षांच्या आमच्या छबीचा जीव अडकला होता बागेतल्या छोट्या आगगाडीत. खरं इंजिन, खरी वाफ!

"बाबा, मला खिडकी हं!" आठवडाभर हेच. आणि आठवडाभर पाऊस.

शेवटच्या दिवशी ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. बागेत पोचलो तर शेवटची फेरी, आणि ही भली मोठी रांग!

गाडी समोर रिकामी उभी, खिडक्या सताड उघड्या, आणि माणसं मुकाट रांगेत. आता तुम्हीच सांगा, नाशिकच्या स्टँडवर वाढलेल्या माणसाचा हात शिवशिवणार नाही? आपल्याकडे त्र्यंबकची गाडी वळते न वळते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, वेळ पडली तर पोरगंसुद्धा आत जातं. एकदा धरली की जागा आपली.

"अहो, इथे चालतं का असलं काही?" बायकोने विचारलं.

"जागा धरणं सगळीकडे चालतं. तू रांगेत थांब."

कुंपणामागून गेलो, नेम धरला आणि पिशवी फेकली. थेट खिडकीजवळ! आत हिने दिलेला चिवड्याचा स्टीलचा डबा, झाकण उघडू नये म्हणून सुतळीने करकचून बांधलेला.

रांगेत परत येतो तोच गार्डने आत डोकावलं आणि तो चार पावलं मागे सरला. शिट्ट्या वाजल्या. लोक पोरांना उचलून दूर जाऊ लागले. रांग बघता बघता नाहीशी!

"पाहिलंस?" मी हिला म्हणालो. "किती सुसंस्कृत लोक! पिशवी दिसताच अख्खी गाडी सोडली आपल्यासाठी!"

तेवढ्यात पोलीस ओरडला, "ही बॅग कोणाची?"

मी ऐटीत हात वर केला. "माझी! आम्ही चौघं आहोत. एक खिडकी हवी."

त्याने मला दंडाला धरून झाडाआड नेलं. त्या काळी तिकडे बेवारस पिशव्यांतून बॉम्ब निघायचे, हे मला कुठे ठाऊक?

"आत काय आहे?"

"चिवडा!"

"म्हणजे?"

आता चिवड्याला इंग्रजीत काय म्हणणार? मी घाबरून "नाशिक! नाशिक!" एवढंच म्हणत राहिलो.

मग जाडजूड कपडे घातलेला एक माणूस आला. डब्यापुढे पालथा पडून अर्धा तास सुतळीशी झटत होता. त्याचा काय दोष? हिने मारलेली गाठ मला आजतागायत सुटलेली नाही. शेवटी त्याने ती कापली. झाकण उडालं, आणि शेंगदाणे थेट इंजिनापर्यंत गेले.

पोलिसाने मला नागरिकशास्त्राचा पूर्ण तास घेऊन सोडलं. तोवर बाग बंद व्हायची घंटा झाली होती. छबी रडली नाही, विझलेल्या इंजिनाकडे नुसती बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाशिकला परतल्यावर पहिल्याच रविवारी म्हटलं, "छबे, चल त्र्यंबकला. खिडकी देतो तुला. शब्द माझा!"

गाडी आली. मी तीच पिशवी टाकली, या वेळी आत नुसते पंचे. धक्के खात चढलो, तर खिडकीशी एक आजीबाई निवांत बसलेल्या. पिशवीवरच!

"आजी, जागा धरलीय. पिशवी होती तिथं."

"व्हती ना," आजी म्हणाल्या. "लय मऊ हाय."

मग छबीकडे बघून त्यांनी पदर सावरला. "ये गं माय, बस मांडीवर. खिडकी पायजे ना तुला?"

छबी टुणकन मांडीवर! गाडी सुटली, वारा आला, पोरगी खुदकन हसली. लंडनचे पोलीस ज्या पिशवीपुढे पालथे पडले, तिच्यामुळे आजी तसूभरही हलल्या नाहीत.

आणि मी? मी त्र्यंबकपर्यंत दांड्याला लोंबकळत उभा! पिशवीसुद्धा बसून आली हो.