बिनमापाची गादी

“उद्यापासून व्हॅन बंद,” बाबा म्हणाले.

“का? ॲक्सिलरेटर अडकला, मी नाही अडकले,” शाळेची व्हॅन चालवणारी लेक म्हणाली.

“गाडीत अकरा मुलं होती.”

“अकराही घरी पोचली. ब्रेक दाबून धरला, गाडी न्यूट्रल केली, कडेला थांबल्यावरच इंजिन बंद केलं.”

“एवढी अक्कल कुणाकडून घेतलीस?”

“तुमच्याकडून नक्कीच नाही. पेडलवर सरकली ती तुम्हीच शिवलेली गादी, बाबा.”

बाबांचा उभा जन्म शिवणयंत्रावर गेला होता. लेकीच्या टाचा दुखतात म्हणून व्हॅनमध्ये तिच्या पायांखाली टाकायला घाईघाईत शिवलेली ही गादी तेवढी त्यांनी माप न घेता बेतली होती.

“मग, उद्या जाऊ ना?”

बाबांनी गळ्यात टेप अडकवला, कात्री उचलली आणि ते व्हॅनकडे निघाले.