भाऊजींचा इटलीतला चौक

खाडीचं पाणी खळ्याच्या सातव्या विटेला लागलं तेव्हा माझे थोरले दीर इटलीतल्या एका चौकाबद्दल बोलत होते. दुसऱ्या कुणी देवाचं नाव घेतलं असतं. पण ह्या माणसाने जगात त्या चौकापेक्षा मोठं काही मानलंच नाही.

भाऊजी इंग्रजांच्या लढाईत इटलीला होते. तिथल्या सिएना नावाच्या गावात त्यांना एक दिवस फिरायला मिळालं, आणि पुढची तीस वर्षं ते त्याच दिवसात राहिले. तो चौक सपाट नाही, शिंपल्यासारखा खोलगट, असं ते हाताची ओंजळ करून दाखवत. लाल विटांची जमीन, पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी केलेले नऊ भाग, आणि सगळा उतार तळाच्या कचेरीकडे. सहाशे वर्षांपूर्वी नऊ जण गावाचा कारभार बघत, म्हणून भाग नऊ. त्या नवांना दोन-दोन महिने कचेरीतून घरी जायची बंदी होती. सासूबाई म्हणाल्या, "बायका सुखात असतील त्यांच्या." कचेरीचा मनोरा म्हणे टेकडीवरच्या देवळाच्या बरोबरीने उभा, म्हणजे राज्यही मोठं नाही आणि देवही. चौकातल्या घरांच्या खिडक्यासुद्धा कायद्याने एकासारख्या एक लागत. रोह्याच्या बाजारात एका दुकानदाराने फळी रस्त्यावर काढली होती, त्याला भाऊजींनी अर्धा तास हा कायदा समजावला. त्याने शेवटी चहा पाजून वाटेला लावलं.

बोलण्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पेणच्या खारेपाटात, खाडीच्या बांधाआड आमचं गाव, जमीन ताटासारखी. तिथे ह्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे डोक्यावरून माती वाहून खळ्याची एक बाजू पुरुषभर उंच केली. रामवाडीहून मोडक्या विटा आणून ओळीने बसवल्या आणि कालवांच्या शिंपल्यांनी नऊ भाग पाडले. खळं सपाट लागतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. भात झोडलं की दाणे घरंगळत तळाला जात. भाऊजी म्हणत, गोळा करायचे कष्ट वाचले. सासूबाई म्हणत, "लढाईत डोक्याला मार लागलाय ह्याच्या, सांगत नाय."

दिवाळीच्या अमावस्येला भर दुपारी उधाणाने बांध फुटला. माझे मालक रोह्याला कंपनीत शिफ्टला होते. गाव देवळाकडे पळालं, पण आमच्या आळीची वाट आधीच बुडाली होती. कुडाच्या भिंती खचायला लागल्या तेव्हा भाऊजींनी आम्हाला ओढत खळ्याच्या वरच्या कडेवर नेलं. स्वतः पाण्याच्या काठाशी उभे राहून अर्ध्या उतारापासून वरच्या विटा मोजत होते आणि पाठमोरे बोलत होते. सिएनाची माणसं संध्याकाळी त्या उतारावर आडवी होतात म्हणे, पोरं झोपतात. माझ्या मुली रडायच्या थांबल्या. पाणी आठव्या विटेवर गेलं. मी पाण्याकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत होते, ते हवेत मनोरा दाखवत होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला तो चौक दिसला. एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते वळले. "थांबलं गो पाणी. नववी वीट सुकी हाय."

त्या वर्षीचं भात गेलं, घर गेलं. भाऊजींना सिएना पुन्हा बघायला मिळालं नाही. खळ्यावर आम्ही सात जणं होतो: सासूबाई, मी, माझ्या दोन मुली, शेजारची ओली बाळंतीण, तिचं आठ दिवसांचं बाळ आणि भाऊजी. सातही जगलो.