देवाचं नाव, गाडीचा नंबर

"तुमी तर येणार नाही म्हणून कळवलंय की, मॅडम," कॉलेजातला क्लार्क फोनवर म्हणाला. मुलाखती कधी आहेत, एवढंच विचारायला मी फोन केला होता. कापडाचं डिझाईन शिकवायची जागा, तीही सोलापुरातच. कित्येक वर्षं मला हेच हवं होतं. "घरच्या अडचणीमुळे जमणार नाही" असा मेल माझ्याच पत्त्यावरून गेला होता आणि तो मी लिहिला नव्हता.

मेल उघडून बघितला. पाठवलेल्या मेलांत काहीच नव्हतं, पण कचऱ्याच्या डब्यात मुलाखतीचं बोलावणं पडलेलं होतं. असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. नशीब, झालेल्या मुलाखतींत कुणीच पसंत न पडल्यानं कॉलेज पुन्हा मुलाखती घेणार होतं, असं क्लार्क म्हणाला होता.

चोर शोधायला घराबाहेर जायची गरज नव्हती. आमच्याकडे सगळ्यांचा पासवर्ड एकच: कुलदैवताचं नाव आणि पुढे दारातल्या स्कूटरचा नंबर. सासूबाईंचं वीजबिल, जाऊबाईंची साडीखरेदी, नवऱ्याच्या कारखान्याचा जीएसटी, सगळं त्याच किल्लीवर चालतं. देव सगळ्यांचा, गाडी सगळ्यांची, मग पासवर्ड तेवढा वेगळा कशाला? कुणी वेगळा ठेवलाच तर लगेच प्रश्न येतो, "काय लपवायचंय?"

पहिला संशय जाऊबाईंवर. मी नोकरीला लागले तर दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यांच्या गळ्यात पडणार होता. शिवाय अलीकडे फार गोड आवाजात विचारायच्या, "काय झालं गं त्या नोकरीचं?" इतकी चौकशी कशाला? सासूबाईही दुपारभर फोन नाकाशी धरून बसायच्या. म्हणायच्या कीर्तन ऐकते, पण कानात ते इयरफोनचं बोंड घातल्यावर कुणाला काय कळतंय? नवऱ्याला मात्र मी यादीतून वगळलं. अर्ज भरताना तो शेजारी बसला होता. अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या कारखान्यातल्या टॉवेलांची सगळी नक्षी मीच काढून देते, तरी तो म्हणाला होता, "कर की अर्ज, लागली तर लागली."

मेलचं नवं खातं काढायला मी अक्कलकोटला, माहेरी गेले. सासरी सगळे फोन एकाच बोर्डावर चार्जिंगला पडलेले असतात. कुणाला काय आलं, ते येताजाता सगळे वाचतात. इथं आईचा साधा बटणाचा फोन होता, त्याचाच नंबर दिला. माझं नाव टाकलं तर म्हणे, ते आधीच कुणीतरी घेतलंय. त्याचाही मला संशय आला! शेवटी माहेरचं आडनाव लावलं, तेव्हा जमलं.

आईच्या फोनवर ओटीपी आला. आकडे तिला कानडीतच सुचतात. "एळु, नाल्कु, ओंदु..." ती वाचत गेली, मी टाकत गेले.

"घरच्यांवर एवढा संशय बरा न्हाय गं," ती म्हणाली.

"मग तो मेल काय भुतानं लिहिला?" मी तिच्यावरच खेकसले.

पासवर्ड काय ठेवला, ते मी इथंही सांगणार नाही. कॉलेजला मेलचा नवा पत्ता कळवला, मी येणार आहे हेही. जुनं खातं बंद केलं नाही. वाचणाऱ्याला वाचत बसू दे, म्हटलं.

आठवडाभरात बोलावणं आलं. ते मी एकटीनं, गच्चीवर, तीनदा वाचलं आणि कुणाला सांगितलं नाही. जेवायला सगळे बसल्यावरच बोलले, "सोमवारी मुलाखत आहे. कॉलेजचा मेल आलाय." आणि चेहरे बघत राहिले.

"मग भाकरी कोण करणार?" सासूबाई सरळ म्हणाल्या.

"मी करते की," जाऊबाई म्हणाल्या. "तू ती निळी साडी नेस गं, लई छान दिसतीस."

नवरा हसला. "कुठला मेल? काय बी आलेलं न्हाय. सकाळीच बघितलंय मी."

आमटी वाढता वाढता जाऊबाईंचा हात थांबला. आपण काय बोलून गेलो, हे त्याला माझ्याकडे बघितल्यावर कळलं.

"सोमवारी मी जाणार आहे," मी म्हणाले. "टॉवेलांची नक्षी काढायला दुसरं कुणीतरी बघा."