पेटीवाल्याने वाजवलेलं भजन

देवपुरात पेटी दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. सूर तपासताना तो एक डोळा मिटतो. आमच्या भजनी मंडळाची पेटी नीट झाल्यावर त्याने आमचंच भजन वाजवलं.

"हे तुमले कसं येस?" मी विचारलं.

"अक्का, हाई इंग्रजी गानं शे. एक गोरा त्याले सोडी गयेल बाईले म्हनस, परत ये. मंग ते हिंदी सिनेमामा उनं, मंग वरातना बँडमा. इठ्ठल शेवटले उना."

नवऱ्याच्या दहाव्याला मी हेच भजन म्हटलं होतं.

"आते एकादशीले काय म्हनू?"

"तेच म्हना," तो भाता दाबत म्हणाला. "सूरले काय ठाव, कोन कोनले बलावस."

नवरा जिवंत होता तेव्हा मी त्याला उठसूट 'जा' म्हणायचे.