हात सैल होईस्तोवर

पौषातली सकाळ. नागफणीच्या सुळक्यावरून उतरलेलं धुकं लोणावळ्याच्या कौलांवर बसून होतं, हलायचं नाव नाही. गारठ्यानं बोटं वळत नव्हती, तरी बिस्मिल्ला मण्यारीण ओसरीवर बसून काचेच्या बांगड्या सुतळीत ओवत होती. संक्रांत तोंडावर आलेली. नवरा चाँदभाई बाजारातलं दुकान बघायचा. आसपासची खेडी हिच्याकडं. माळा पाटीत रचून, पाटी डोक्यावर घेऊन ती कुरवंड्याच्या चढाला लागली. साल एकोणीसशे चौतीस असावं.

कुरवंड्यात शालूबाईच्या अंगणात बायका जमल्या. गारठलेला हात ताठ असतो, म्हणून बिस्मिल्ला आधी कोमट पाण्याचं पातेलं मागून घ्यायची. शालूबाईनं हात पाण्यात घातला, पण नजर कोपऱ्यात. तिथं तिची पाच वर्षांची नंदा भिंतीकडं तोंड करून झुलत होती. हाकेला वळायची नाही, बोलायची नाही, कुणी धरलं की किंचाळायची. आज डॉक्टर याला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा गावाकडं एकच शब्द होता, झपाटलेली.

गेल्या संक्रांतीला तिचं बोरन्हाण घातलं होतं. बायकांचा कालवा, डोक्यावर बोरं-चुरमुऱ्यांचा मारा. पोर भेदरून ओरडली आणि आत्याच्या, कस्तुराबाईच्या, हाताला चावली. तेव्हापासून सगळ्यांनी ठरवलं, डोंगरातलं काहीतरी हिच्यात शिरलंय. घाटाखाली एक देवऋषी होता, तो असली पोरं साखळीला बांधून ठेवायचा. बाप रखमाजी येत्या अवसेला नंदाला तिथं सोडून येणार होता.

"मावशी, कायतरी करा," शालूबाई हळूच म्हणाली. "माजं घरात कोन ऐकत न्हाई."

"मी तुला बांगडी भरताना हात वढती का गं?"

"न्हाई. वढलं तर वाढंल की." बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"मग पोरीला का वढताय समद्याजनी?"

कस्तुराबाई फणकारली, "मण्यारनीनं बांगड्या इकाव्या, भुतं काडू ने."

"भूत आसतं तर तुमाला चावून जगलं आसतं व्हय?"

बायका खदखदल्या. कस्तुराबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

हसणं ओसरल्यावर बिस्मिल्ला म्हणाली, "माजी लेक लैला अशीच. ताईत बांधले, धूर दिला, पोर आजूकच बिचकली. मग दिलं सोडून. आता जवान झालीया. बोलती थोडं, पर माळा वविती, माज्यावर रुसतीबी."

तिनं बायकांना वाटेला लावलं. पातेलं नंदाच्या जवळ सरकवलं आणि पोरीकडं पाठ करून स्वतःचा हात पाण्यात फिरवत बसली. हाक नाही, चुचकारणं नाही. झुलणं थांबलं, एवढंच त्या दिवशी झालं.

मग ती रोजच चढण चढू लागली. चाँदभाई कुरकुरला, "त्या गावात हात तरी किती हायत गं?" तरी दुकान बंद ठेवून वाटेतल्या ओढ्यापर्यंत तिची पाटी पोचवून द्यायचा. दोन दिवसांनी नंदानं एक बोट बुडवलं. पुढं सगळा हात.

अवसेच्या आदल्या दिवशी रखमाजी घरीच होता. "मावशी, तुमचं पानी-बिनी बास झालं. उद्या निगायचंय."

"निघ की भाऊ. आज बस घडीभर. बोलू नगं."

तो उकिडवा बसला. बिस्मिल्लानं नंदाच्या सैल पडलेल्या हातात एक हिरवी बांगडी सरकवली. नंदानं ती झटक्यात काढून फेकली. रखमाजी उठला, "बगितलं?"

तेवढ्यात नंदानं बिस्मिल्लाचं मनगट धरलं आणि पाण्यात दाबलं. पुन्हा काढलं, पुन्हा दाबलं.

"आगं बया," शालूबाई म्हणाली. "ती मागतीया!"

आजवर पोरीनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. रखमाजी पुढं आला आणि सवयीनं तिला उचलायला वाकला.

"वढू नगं. नुसता हात ठेव."

त्यानं नांगर धरून घट्टे पडलेला पंजा पातेल्याच्या काठावर ठेवला. बराच वेळ गेला. मग नंदानं त्याचं एक बोट धरलं आणि पाण्यात बुडवलं. रखमाजीनं बोट तसंच राहू दिलं.

"आवसेचं ऱ्हाऊ द्या," तो शेवटी म्हणाला. "पानी गार झालंय. शालू, दुसरं आन."

त्यानंतर बाजाराच्या दिवशी शालूबाई नंदाला घेऊन लोणावळ्याला बिस्मिल्लाकडं येऊ लागली. पुढं तळेगावाकडची एक आई अशाच पोराला घेऊन आली, तिच्यामागून आणखी काही. पोरं ओसरीवर लैलाजवळ बसायची. कुणी मणी ओवायचं, कुणी नुसतं पाण्यात हात फिरवायचं. आया आत बसून रडायच्या, हसायच्या, सासवांची उणीदुणी काढायच्या. नंदा पुढंही फार बोलली नाही. पण न्हायला, जेवायला, शेळीमागं जायला शिकली, आणि एकदा बापाला 'ये' म्हणाली. ते सांगायला रखमाजी तिन्हीसांजेचा चढ उतरून आला.

"बरं झालं बाबा," बिस्मिल्ला म्हणाली. "बस, च्या टाकती." चूल फुंकून तिनं आधण ठेवलं आणि नाचणीचं पीठ चाळायला घेतलं.