दहा मिनिटांचं विमान

थोरली अकरा वर्षं मोठ्या विमानात हवाईसुंदरी होती. मोठं म्हणजे एकशे ऐंशी माणसांचं. तिथे तिने काय काय झेललं याला गणती नाही. डोक्यावरची घंटी दाबून दाबून जीव खाणारे, चाकं जमिनीला टेकायच्या आत उभं राहून बॅगा ओढणारे, ट्रॉली ऐन मधोमध अडकली की नेमकी संडासची घाई होणारे. पण एक होतं. महिन्याच्या आधी ड्यूटीचा कागद हातात पडायचा, आणि दार लावायची वेळ झाली की दार लागायचं. बाहेर कितीही तालेवार राहिला तरी राहिला.

मग तिला खासगी विमानात नोकरी लागली. "चारच तर माणसं," ती आईला म्हणाली, "सोफे आहेत, गालिचा आहे. राणीसारखी राहीन."

राणी कसली! तिथे बाई एकच, म्हणून वाढायचं तिनेच, भांडी तिनेच आणि संडासही तिनेच पुसायचा. हॉटेलातलं जेवण डब्यातनं काढून ताटलीत असं मांडायचं, जणू आत्ताच चुलीवरनं उतरलंय. मालकाला पाणी गार चालत नाही, कोमटही नाही. मधलं काय ते तिने शोधायचं. उशी उभी करून तिला वरनं खळगा पाडायचा. नाही पाडला तर मालकीणबाई उशीकडे अशा बघणार की उशीलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हावं.

हेही तिने गिळलं असतं. गिळवेनात ते मालकाचे दोन शब्द. "दहा मिनिटं."

मालकाची दहा मिनिटं म्हणजे कधी दोन तास, कधी चार. एकदा तर दुसरा दिवस उजाडला. त्यापायी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा हुकलं. धाकटा भाऊ घरातच होता, पण आई हटून बसलेली. "तू शेजारी नसशील तर मी त्या टेबलावर चढायची नाही. याचं काय सांगतेस? सुई बघितली की माझ्याआधी हाच आडवा होतोय."

डॉक्टर वैतागले. "गुरुवार, सकाळी नऊ. आता चुकलात तर नाव खोडतो. मला इतरांचेही डोळे आहेत."

आणि बुधवारी सकाळी मालक निघाले. दोन तासांवरचं गाव, दुपारी दोनला परत निघायचं, असं ठरलेलं. थोरलीने दीडलाच काचा पुसून, फळं चिरून ठेवली. दोन वाजले. सेक्रेटरीचा फोन आला, "साहेब म्हणतात, दहा मिनिटं."

तीन वाजले. फळं काळी पडली; तिने दुसरी चिरली. चार वाजले. ती पुढे जाऊन कॅप्टनला म्हणाली, "काहीतरी बोला ना हो."

कॅप्टन शब्दकोडं सोडवत होते. "मी काय बोलू, बाई? पाचच्या आत चाक उचललं तर ठीक. नाहीतर आमचे कामाचे तास संपतात, मग नियमाने मुक्काम इथेच. सकाळी दहाला निघू."

"दहाला? नऊला माझी आई टेबलावर आहे!"

"चार अक्षरी शब्द सांगा. 'नाइलाज' बसेल का?"

थोरलीने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी कोडं मिटून ठेवलं. तिने सरळ मालकाचा नंबर लावला. सांगायचं होतं, साहेब, हात जोडते, आईचा डोळा आहे. मनात वाक्यही तयार होतं. मालकाने फोन उचलला. मागे चमचे वाजत होते, कोणी खो खो हसत होतं. थोरलीचं डोकं फिरलं, आणि तोंडातनं अकरा वर्षांची सवय बाहेर पडली.

"प्रवाशांसाठी ही शेवटची सूचना आहे. विमानाचं दार चार वाजून पन्नास मिनिटांनी बंद होईल. त्यानंतर आलेल्या प्रवाशांना विमानात घेतलं जाणार नाही. धन्यवाद."

"अगं, दहा मि—"

तिने फोन ठेवला. मग आपण काय केलं ते कळलं, आणि तिने तिसऱ्यांदा फळं चिरायला घेतली.

चार अठ्ठेचाळीसला गाडी आली. स्वतःच्या विमानाच्या पायऱ्या मालक दोन-दोन करत चढले. गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच. दारात उभं राहून धापा टाकत म्हणाले, "बंद नाही ना झालं?"

"बसा," थोरली म्हणाली. "पट्टा बांधा."

त्यांनी बांधला. मग बहुधा विमान कोणाचं ते आठवलं, कारण वाटभर तोंड खिडकीकडे वळवून बसले. पाणीही मागितलं नाही.

गुरुवारी साडेदहाला आई बाहेर आली. डोळ्यावर पट्टी, हात थोरलीच्या मुठीत. धाकटा कोपऱ्यात डोकं गुडघ्यांत घालून बसलेला. थोरलीचा फोन वाजायला लागला. सेक्रेटरी. नोकरी गेल्याचा असेल, नाहीतर पुढच्या फेरीचा.

"कोणाचा गं?" आईने विचारलं.

"मालकांकडचा."

"सांग त्याला, दहा मिनिटं."

थोरलीने फोन पालथा ठेवला आणि आईच्या पायात चप्पल सरकवली.